लोरेटा अजून व्यायची आहे

विचारायला गेलं की लोक नाही म्हणतात, म्हणून विचारायचंच नाही, असं लोवेल टिबेट्सने एका मंगळवारी नाश्त्याच्या टेबलावर ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

दुसऱ्या कुणी हे ठरवलं असतं तर आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कुणी मान वर करून बघितलंही नसतं. इथे अमेरिकेत, ऑरेगन राज्याच्या पूर्व टोकाला लोक न विचारता कोंबड्यांचं खुराडंच काय, अख्खं चर्च उभं करतात. पण लोवेल! एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवलेला, नाकासमोर चालणारा माणूस. रेल्वेचं फाटक आलं की बस थांबवायची, दार उघडायचं, दोन्हीकडे कान लावायचा आणि मगच पुढे जायचं. त्या रुळांवरून शेवटची गाडी गेली त्याला बावीस वर्षं झाली होती, तरी हा थांबायचा, दार उघडायचा आणि कान लावायचा. (जानेवारीतसुद्धा. पुढच्या सीटवरच्या पोरांची नाकं गळायची ती मार्चपर्यंत.) काचेच्या वरती त्याने स्वतःच्या हाताने सतरा नियम लिहून लावले होते. सातवा नियम, सीटवरून उठायचं नाही. अकरावा नियम, बसमध्ये कुठलाही प्राणी आणायचा नाही, खिशातसुद्धा नाही. (या 'खिशातसुद्धा'मागे एक बेडूक होता. त्याच्याकडे येऊच.)

तर असा हा माणूस काय विचारणार नव्हता? स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या गाडीत राहू का, एवढंच.

त्याचं असं होतं. बसचा शेवटचा थांबा चौदावा. तिथे खडीचा रस्ता संपतो आणि बाजूला एक टेकडी आहे. टेकडीवर दोन म्हातारी झाडं, आणि पलीकडे सगळं खोरं उघडं पडलेलं, त्याच्याही पलीकडे बर्फाचे डोंगर. शेवटचं पोर उतरलं की लोवेल हँडब्रेक ओढायचा, सँडविचचा उरलेला अर्धा तुकडा काढायचा आणि पाच मिनिटं नुसता बघत बसायचा. एकतीस वर्षं रोज. "माझ्याकडे इतका वेळ बघितलं असतंस," त्याची बायको मार्जीन म्हणायची, "तर मी चष्मा बदलला हे तरी तुला कळलं असतं." पण त्याला त्या टेकडीनं वेड लावलं होतं हे खरं. तिथे एकदा तरी सकाळी जाग यावी, एवढंच त्याचं मागणं होतं. कारण सकाळचा डोंगर त्याने कधी पाहिलाच नव्हता. सकाळी बस गावाकडे तोंड करून निघायची, डोंगर पाठीमागे, आणि आरशात फक्त पोरं.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी टेकडी विकायला निघाली. बारा एकर. दोघांनी गावातलं घर विकलं, टेकडी घेतली आणि एक जुनं मोटरहोम घेतलं. म्हणजे बसच, पण आत पलंग, शेगडी आणि मोरी. घर बांधायचं ते नंतर. कारण घराला परवानगी हवी तर आधी विहीर हवी, आणि विहीर पाडणारा अख्ख्या काउंटीत एकच माणूस, त्याच्याकडे दोन वर्षांची रांग. तोवर मोटरहोममध्ये राहायचं. आता नियम असा की स्वतःच्या जमिनीवर झाली तरी अशा गाडीत सहा महिन्यांत चौदा रात्रींच्या वर राहता येत नाही. लोवेलला तो पाठ होता. म्हणूनच तर त्याने विचारलं नाही.

मार्जीनची एकच अट होती. ती पाच फूट अकरा इंच उंच. मोटरहोममधली मोरी म्हणजे उभं कपाट. त्यात तिने केस धुवायला हात वर केले की एक कोपर नळावर आपटायचं आणि दुसरं दारावर. साबण पडला तर दार उघडून, अर्धं बाहेर येऊनच तो उचलता यायचा.

"मला टब हवा," ती म्हणाली. "पाय लांब करून बसता येईल असा. बाकी तुझ्या टेकडीवर मी कशीही राहीन, पण टब हवा."

"घर झालं की पहिला टब," लोवेल म्हणाला.

"घर होईल तेव्हा होईल. टब मी आत्ता घेते. म्हणजे तुला आठवण राहील."

आणि तिने एका मोडलेल्या शेतघराच्या लिलावातून बिडाचा, सिंहाच्या पंजांसारखे चार पाय असलेला, सहा फुटी टब आणला. तो उचलायला पाच माणसं लागली. तो दोन झाडांच्या मधे गवतात बसला तो बसलाच. संध्याकाळी कधीकधी ती कॉफीचा मग घेऊन त्या कोरड्या टबात जाऊन बसायची, कपड्यांसकट, पाय लांब करून. लोवेल खिडकीतून बघायचा आणि त्याला अपराध्यासारखं व्हायचं.

तरीही दिवस सुखाचे होते. सकाळी डोंगर आधी राखाडी असायचा, मग कडेने गुलाबी व्हायचा, आणि मग एकदम सगळा उजळायचा. पहिल्या दिवशी ते बघून लोवेलच्या डोळ्यांत पाणी आलं. (मार्जीनला त्याने धुरामुळे असं सांगितलं. शेगडी बंद होती.) उरलेला दिवस दुर्बीण घेऊन नव्या बस-ड्रायव्हरवर पाळत ठेवण्यात जायचा. तो पोरगा फाटकाशी दार उघडत नव्हता. लोवेलने शाळेला लेखी कळवलंसुद्धा.

ऑक्टोबरच्या मध्यावर काउंटीची पांढरी गाडी टेकडी चढून आली. आतून जमीन-वापर खात्याचा अधिकारी उतरला. चाळिशीला टेकलेला, खांद्यात थोडा वाकलेला, टोपी हातात.

"मिस्टर टिबेट्स."

लोवेलला माणसांची नावं आठवत नसत, सीटा आठवत. "नववी सीट," तो म्हणाला. "डावीकडे, खिडकीशी. बेडूक."

"गॅरेट हल्स, सर. बेडूक मेला बिचारा." गॅरेटने टोपी दोन्ही हातांत फिरवली. "सर, तुम्ही इथे राहताय का?"

"बसलोय."

"किती दिवस बसलाय?"

लोवेलला खोटं बोलता येत नसे, म्हणून तो दुर्बिणीची काच पुसू लागला. मार्जीन पुढे झाली. "गॅरेट, कॉफी घे बाळा. कुणी सांगितलं तुला?"

"तक्रार आलीय, मॅडम. लेखी. कुणाची ते नाही सांगता येत." त्याने एक कागद पुढे केला. "गाडी हलवायला दहा दिवस आहेत. मला खरंच वाईट वाटतंय. पण नियम आहे ना. सर, तुम्हीच म्हणायचात, नियम आवडत नसेल तर उतरा आणि चालत जा."

लोवेल म्हणायचा खरा. त्याचंच वाक्य तीस वर्षांनी वळून त्याच्याच दारात आलं होतं, आणि वर टोपी काढून उभं होतं.

तक्रार कुणी केली याबद्दल लोवेलच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कुंपणापलीकडे एकच घर होतं, मायते एचेव्हेरियाचं. ऐंशीला आलेली बास्क म्हातारी, तिच्या बापाने स्पेनच्या डोंगरांतून येऊन इथे मेंढ्या राखल्या, तिनेही जन्मभर तेच केलं. ती हात हलवत नसे. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट तरी उचलायचं अशी रीत आहे. मायते तेही उचलत नसे. (तिच्या त्या बोटाला संधिवात होता, हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं. लोवेलला नव्हतं.)

"तीच," लोवेल म्हणाला. "दुसरं कोण असणार?" आणि त्या दिवसापासून त्याने कुंपणाच्या बाजूला बघणं सोडलं.

मग त्याने काउंटीच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि तीन दिवस वाचलं. दुसऱ्या कुणी वकील गाठला असता, पण लोवेलला नियम वाचताना चॉकलेट खाल्ल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मोटरहोममध्ये असा ओरडला की मार्जीनच्या हातातला साबण पडला. ती दार उघडून अर्धी बाहेर आली.

"सापडलं! मेंढ्यांचं कलम!"

शंभर वर्षांपूर्वीचं कलम होतं ते, मेंढपाळ चाकांच्या गाड्यांत राहायचे तेव्हाचं. कुणी रद्द करायची तसदी घेतली नव्हती. गाभण मेंढी राखणाऱ्या माणसाला तिच्याजवळ चाकांच्या गाडीत राहता येईल, मेंढी व्यायेपर्यंत. व्याल्यावर तीस दिवसांत गाडी हलवावी.

"म्हणजे आपल्याला फक्त एक गाभण मेंढी हवी," लोवेल म्हणाला.

"लोवेल, तुला मेंढ्यांतलं काय कळतं?"

"एकतीस वर्षं पोरं नेली-आणली. मेंढी काय वेगळी असते?"

शनिवारी तो एकटाच गुरांच्या लिलावाला गेला. मायतेला विचारलं असतं तर तिने डोळे मिटून मेंढी निवडून दिली असती, पण चोराकडे चावी मागायला कोण जाणार? तिथे त्याने शास्त्र लावलं, जी सगळ्यात जाड ती गाभण. एका कोपऱ्यात लोकरीचा डोंगर उभा होता, काळं तोंड, थंड नजर. लोवेलने कठड्याशी टेकलेल्या मालकाला विचारलं, "गाभण आहे का ही?"

आमच्याकडची माणसं थट्टा करतात तेव्हा चेहऱ्याची सुरकुतीही हलवत नाहीत. मालकाने लोवेलकडे बघितलं, मग त्या प्राण्याकडे बघितलं, दोन क्षण विचार केला. "ही?" तो म्हणाला. "जुळी होतील बघा."

लोवेल हरखून घरी आला. मार्जीनने तिचं नाव लोरेटा ठेवलं, तिच्या एका मावशीवरून. मावशीचीही नजर तशीच थंड होती.

दहाव्या दिवशी गॅरेट आला. लोवेलने त्याच्या पुढ्यात कलम धरलं आणि मग लोरेटा धरली. गॅरेटने कलम वाचलं. लोरेटाभोवती एक फेरी मारली. तो तिच्या मागे जरा थांबला.

"मेंढी," तो शेवटी म्हणाला.

"गाभण," लोवेल म्हणाला.

"गाभण."

"जुळी आहेत म्हणतात."

गॅरेट वळला आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हवा गार होती, पोराला थंडी वाजली असेल म्हणून लोवेलने त्याला कॉफी आणून दिली. गॅरेटने डोळे पुसले, वही काढली आणि लिहिलं: पाहणी केली. मेंढी अजून व्यायची आहे.

"दर महिन्याला येऊन बघावं लागेल मला," खाली लोवेलची सही घेत तो म्हणाला.

असा तो हिवाळा सुरू झाला. लोरेटाची जी बडदास्त ठेवली गेली ती मार्जीनची तिच्या एकाही बाळंतपणात ठेवली गेली नव्हती. सकाळी गरम ओट्स, त्यात काकवी. अंगावर लोवेलचा जुना बसमधला कोट. पाणी प्यायला भांडं पुरेना, तेव्हा लोवेलने एका सकाळी सहज म्हणून टब भरला. मार्जीन खिडकीतून बघत होती. तिच्या टबात लोरेटा तोंड घालून पाणी पीत होती, सावकाश, पोट भरेपर्यंत.

"चाळीस वर्षांच्या संसारात," मार्जीन म्हणाली, "मी तुझ्याकडे एक गोष्ट मागितली."

"तिला दिवस गेलेत, मार्जीन."

ती त्याच्याकडे विचित्र नजरेने बघून आत गेली.

जानेवारीत नळ गोठले. मार्जीन शेगडीवर पातेलंभर पाणी तापवून, उभ्या कपाटात, फडक्याने अंग पुसून घ्यायची. दोघं एवढ्याशा पलंगावर झोपायची. एकाने कूस बदलायची तर दुसऱ्याला आधी सांगावं लागे. तरी पहाट झाली की लोवेल उठून कोट घालायचा (लोरेटाचा नव्हे, दुसरा) आणि बाहेर उभा राहायचा. डोंगर गुलाबी व्हायला लागायचा, आणि त्याच वेळी त्याची नजर लोरेटाकडे वळायची. एकतीस वर्षं जे दुरून बघितलं ते आता दाराशी होतं, आणि ते सगळं एका मेंढीच्या पोटावर टांगलेलं होतं. ती व्याली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. ती व्याली नाही तर खोटं बोललो असं ठरायचं. तो लोरेटाच्या पाठीवरून हात फिरवायचा. "घाई करू नकोस," तिला सांगायचा, आणि लगेच, "पण उशीरही करू नकोस."

फेब्रुवारीत मायते काठी टेकत, रश्श्याचं पातेलं घेऊन आली. ते पातेलं मार्जीनने घेतलं. लोवेल छातीवर हात बांधून उभा राहिला. मायतेने लोरेटाकडे बघितलं. कोट बघितला, टब बघितला, ओट्स बघितले. मग तिने कुंपणाचा खांब धरला आणि अशी हसली, अशी हसली की मार्जीनला तिला धरून आत न्यावं लागलं. आतूनही बराच वेळ हसणं ऐकू येत होतं. दोघींचं.

"जळते आहे," लोवेल लोरेटाला म्हणाला.

मार्च उजाडला. मेंढीचे दिवस पाच महिन्यांत भरतात असं त्याने पुस्तकात वाचलं होतं. त्याने कोरडा पेंढा पसरला, टॉवेल घड्या करून ठेवले, आयोडीनची बाटली आणली. पाच महिने झाले. साडेपाच झाले. लोरेटा रवंथ करत होती. गॅरेट येऊन लिहून गेला: पाहणी केली. लोरेटा अजून व्यायची आहे. (पाच महिन्यांत तोही तिला नावाने ओळखायला लागला होता.) शेवटी लोवेलने आपला अभिमान गिळला आणि भर दुपारी कुंपण ओलांडून तो मायतेच्या दारात उभा राहिला.

"मिसेस एचेव्हेरिया, माझी मेंढी व्यायेना."

मायते काठी टेकत आली. तिने लोरेटाची हनुवटी वर केली, प्रेमाने कान ओढला.

"कधी व्यायेल?" लोवेलने विचारलं.

"ही? ज्या दिवशी तू व्यायशील ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे?"

"म्हणजे हा नर आहे, बाबा. आणि नर तरी कसला, खच्ची केलाय त्याला लहानपणीच. तू पाच महिन्यांत एकदाही मागून बघितलं नाहीस?"

"मला ते बरं वाटलं नाही," लोवेल म्हणाला.

तो टबाच्या काठावर बसला. चेहरा पार उतरला होता. मार्जीन येऊन शेजारी बसली.

"तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कारण सांगितलं असतं तर तू त्याच दुपारी टोपी घालून गॅरेटकडे कबुली द्यायला गेला असतास." तिने त्याच्या हाताकडे बघितलं. "तू टोपी शोधतोयस."

"मी सही केलीय, मार्जीन. पाच वेळा. गाभण म्हणून."

"लोवेल, ऐक माझं. मी गावात परत गेले तर उद्या मला टब मिळेल. गरम पाणी, दाराला कडी, सगळं. मला टब हवाय. पण मला तो इथे हवाय. मला कधी वाटलं नव्हतं असं वाटेल, पण वाटतंय. तू नको जाऊस."

एवढी उंच बाई, सहा महिने एका कपाटात कोपरं फोडून घेतलेली, आणि ती म्हणत होती इथेच हवाय. त्याने तिचा हात दाबला. बराच वेळ दाबून धरला. आणि मग टोपी घातली आणि गेला. काय करणार, त्याच्याच्याने दुसरं काही झालंच नसतं.

गॅरेट ऑफिसात ॲपल-पाय खात होता.

"गॅरेट, मला एक कबूल करायचंय. लोरेटा ही..."

"सर, वाक्य पूर्ण करू नका."

"लोरेटा ही मेंढी..."

"सर! अहो, मी जेवतोय."

"मेंढी नाही!"

गॅरेटने काटा खाली ठेवला आणि उठून दार लावलं. "झालं समाधान? आता कलम काढा. वाचा. कुठवर राहता येतं?"

"मेंढी व्यायेपर्यंत."

"तुम्ही खरी मेंढी आणली असतीत तर ती मार्चमध्ये व्याली असती, आणि एप्रिलमध्ये मला तुम्हाला खाली उतरवावं लागलं असतं. मला त्याचीच धास्ती होती. तुम्ही आणलीत लोरेटा. ती मार्चमध्ये व्यायची नाही. पुढच्या मार्चमध्येही नाही. विहीर होईपर्यंत नाही, घर होईपर्यंत नाही. अख्ख्या काउंटीत शोधून याहून चांगली मेंढी तुम्हाला मिळाली नसती."

"पण तुला कळलं नाही? जत्रेत मेंढ्या पाळण्यात पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली होती तुला!"

"तीन वर्षं, ओळीने."

"मग तुला पहिल्याच दिवशी..."

"गाडीतून उतरायच्या आधी, सर."

लोवेल खुर्चीत बसला. "मग खोटं का लिहिलंस? तू? नियमाचा माणूस?"

गॅरेट खिडकीबाहेर बघत राहिला. "मी चौदाव्या थांब्यावर उतरायचो. आईची बटाट्याच्या कारखान्यातली पाळी उशिरा सुटायची, घराला कुलूप असायचं. थांबा आला की पोराला दोन मिनिटांच्या वर बसमध्ये बसवून ठेवायचं नाही, हा नियम होता. तुम्ही हीटर चालू ठेवायचात. अर्धं सँडविच द्यायचात. आईची गाडी दिसेपर्यंत हलायचा नाहीत. आणि मग वहीत काहीतरी लिहायचात. मी एकदा विचारलं होतं, काय लिहिता. आठवतं?"

लोवेलचे कान लाल झाले. हे कुणाला ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती. त्याने स्वतःलाही ते कधी नीट सांगितलं नव्हतं.

"मागचा डावा टायर तपासला," तो पुटपुटला.

"दोन हिवाळे, रोज. शाळेने तो टायर तीनदा बदलला, सर. त्याला काही झालं नव्हतं."

लोवेलला रडू येत होतं, आणि इथे धुराचं निमित्त सांगायची सोय नव्हती. गॅरेटने ॲपल-पायचा अर्धा तुकडा कापून त्याच्यापुढे सरकवला. तो त्याने खाल्ला.

"एकच सांग," जाताना लोवेल म्हणाला. "ती म्हातारी मनाने वाईट नाही. मग तक्रार का केली तिने?"

"कुणी, मिसेस एचेव्हेरियाने? नाही हो." गॅरेटने फाइल उघडून एक कागद टेबलावर ठेवला. त्यावरचं अक्षर रेखीव होतं, समासही आखलेला होता. लोवेलने ओळखलं. ते सतरा नियमांचं अक्षर होतं. पत्रात लिहिलं होतं: *नवीन ड्रायव्हर रेल्वे फाटकाशी दार उघडत नाही, हे मी माझ्या टेकडीवरील मोटरहोममधून सलग अठ्ठेचाळीस दिवस रोज सकाळी स्वतः पाहिले आहे.* 'सलग अठ्ठेचाळीस दिवस' याच्याखाली पट्टी धरून दोन रेघा मारल्या होत्या.

"शाळेने ते आमच्याकडे पाठवलं," गॅरेट हळूच म्हणाला. "मी तीन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. पण तुम्ही स्मरणपत्र पाठवलंत."

मे महिन्यात माफी मागायला लोवेल मायतेकडे गेला. तिने माफी ऐकून घेतली, कंटाळली आणि म्हणाली, "ते जाऊ दे. तुझी बायको अंघोळ कुठे करते?" मग तिनेच दाखवलं, तिच्या बापाची माणसं डोंगरात कशी करायची ते. बिडाचा टब चार विटांवर उचलायचा, खाली वाळक्या झुडपांचा जाळ करायचा, तळाला लाकडाची फळी टाकायची म्हणजे भाजत नाही. लोरेटाला पाण्यासाठी बादली दिली. ती तिने दोन दिवस तोंड लावायच्याही लायकीची मानली नाही.

आता रोज संध्याकाळी, डोंगरावर ऊन उतरतं तेव्हा मार्जीन टबात पाय लांब करून बसते. टबाचं तोंड अर्थात डोंगराकडे. टेकडीवर आडोसा कसलाच नाही, आणि रस्त्यावरून कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून लोवेलला रस्त्याच्या तोंडाशी उभं केलेलं असतं. हातात बसमधली जुनी लाल 'थांबा'ची पाटी, शेजारी लोरेटा. मार्जीनने सतरा नियमांच्या खाली अठरावा लिहिला आहे: मागे वळून बघायचं नाही. पाळायचा म्हटल्यावर तो पाळतोच. डोंगर पुन्हा त्याच्या पाठीमागे आहे, आणि समोर खडीचा रस्ता.

"लोवेल," मागून पाण्याचा आवाज येतो. "कडा गुलाबी झाल्या बरं का."

"हं."

"आता वरचा बर्फ पेटल्यासारखा दिसतोय. अगं बाई, असा कधीच दिसला नव्हता! लोवेल, तू हे बघायला हवं होतंस!"

"वळू का?"

"नाही."